आईच्या सुट्टीसाठी काही सूचना

काचीगुडा, हैदराबाद
१० जानेवारी १९९७

चि. हेमंत यास,
शैलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

“समुद्र म्हणजे हुसेनसागरच, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही,” असं बापू एकदा टँकबंडवर, तळ्याच्या काठी उभं राहून, आईला म्हणाले होते. तुला आठवतं का कोण जाणे. तू नऊ वर्षांचा होतास, मी चौदाची. बापूंनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता, हे आपल्याला पुष्कळ नंतर कळलं. पण त्या संध्याकाळी तू कठड्यावर चढून आईला सांगितलंस की बिनकाठाचं पाणी तुला मी दाखवीन. आईने आधी तुला खाली उतरवलं आणि मग हसली.

तुझं पत्र आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. आईला दोन महिने शारजाला सुट्टीसाठी पाठव, असं तू लिहिलंस. आई सहासष्ट वर्षांची झाली. सुट्टी हा शब्द तिने आजवर फक्त आपल्या शाळांच्या बाबतीत वापरलेला आहे. आता गौलीगुड्याच्या भाजीवालीपासून शेजारच्या, माझ्याच कॉलेजातल्या वंदनापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. पासपोर्टच्या फोटोसाठी फोटोवाल्याने डोक्यावरचा पदर काढायला लावला, म्हणून त्याच्याशी भांडूनही झालं.

आता जरा कामाचं सांग. तिकडे ऊन किती असतं? साड्या कसल्या द्यायच्या? काय आणावं, काय आणू नये, सगळं सविस्तर लिही. तिने आजवर ओलांडलेली सर्वांत लांबची हद्द म्हणजे तिरुपती.

एकच विचारते, रागावू नकोस. सुट्टी म्हणजे सुट्टीच ना? मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं उटीला गेलात आणि तुमचा सौरभ महिनाभर इथे राहिला, तेव्हा त्याला तू आईचा विरंगुळा म्हणाला होतास. तो विरंगुळा संपल्यावर ती चार दिवस झोपून होती.

माझी काळजी नको. दोन महिने डब्यात काय न्यायचं ते माझं मी बघेन. अपर्णाला आणि सौरभला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव, आणि उत्तर लवकर टाक.

तुझी,
ताई

*

शारजा
२२ जानेवारी १९९७

ती. ताईस,
हेमंतचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तुझा टोमणाही पावला. तरी सगळं सविस्तर लिहितो.

फेब्रुवारीत इथे ऊन बरं असतं, एप्रिलनंतर मात्र हैदराबादचा मे महिना थंड वाटावा असं होतं. साड्या सुतीच दे, पण स्वेटर आणि पायमोजे नक्की दे. हसू नकोस. घरात, दुकानात, गाडीत, सगळीकडे एसी असतो आणि नव्याने आलेलं माणूस उन्हाने नाही, गारठ्याने आजारी पडतं. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही. रस्त्यावर झाड नाही, सावली नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहायचं. बीपीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणाव्यात, सुट्या पुडीत नको. लोणचं हातातल्या पिशवीत नको. आणि मुख्य म्हणजे तिने एकटीने घराबाहेर जायचं नाही. इथली पाटी वाचता येत नाही, भाषा येत नाही, रस्ते आठ पदरी. आपल्याकडच्यासारखा हात दाखवून रस्ता ओलांडला तर गाडी थांबत नाही.

आणखी एक, जे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. अपर्णाला सातवा महिना आहे. मार्चअखेरची तारीख दिलीय. तिच्या आईचे गुडघे धरलेत, त्या पुण्याहून येऊ शकत नाहीत. कामाला येणारी बाई केरळला गेली ती परतली नाही. अपर्णाची नोकरी नवी, पंचेचाळीस दिवसांवर रजा मिळणार नाही. तेव्हा सुट्टी आहेच, पण आईचा थोडा हातभारही होईल. नातवंडाचं करायला तिला आवडेलच, हे तुलाही माहीत आहे.

तिकीट एकवीस फेब्रुवारीचं काढलं आहे, परतीचं बावीस एप्रिलचं. आईला नमस्कार. तुझा धाकटा भाऊ आहे हे रागाच्या भरात विसरू नये, एवढंच मागणं.

तुझा,
हेमंत

जागा संपली म्हणून घडीवर लिहितो. खसखस अजिबात आणायची नाही. इथे ती अमली पदार्थांत धरतात. मसाल्यात, लाडवात, कशातही नको. आईला दोनदा सांग.

*

काचीगुडा
३ फेब्रुवारी १९९७

चि. हेमंत यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी नेहमीसारखं स्वयंपाकघरात उभी राहून आईला वाचून दाखवत होते. तुझं मुंगीएवढं अक्षर तिला लागत नाही. स्वेटरपाशी ती हसली, आठ पदरी रस्त्यापाशी तिने लाटणं थांबवलं. मग सातवा महिना आला. तेवढं एक वाक्य कसंबसं वाचलं, पत्राची घडी घातली आणि विजेच्या बिलांच्या खणात टाकून दिलं. पुढे काय लिहिलंस ते मला बघायचंही नव्हतं.

लिहायचं राहिलं? सातवा महिना लिहायचा राहतो? सहाव्यात आठवला नाही, पाचव्यात आठवला नाही, तिकीट काढल्यावर आठवला? अरे, सरळ लिहायचंस की आई, आम्हाला तुझी गरज आहे, ये. ती अनवाणी आली असती. पण तसं लिहिलं की ते मागणं होतं, आणि सुट्टी म्हटलं की ते देणं होतं. तुला आईचे कष्ट हवेत आणि वर उपकारही तूच करायचे आहेत. तुझ्या या हुशारीचा मला संताप येतो.

आणि तिचं काय झालं सांगू? तिला आनंद झाला. खरा आनंद. तिने त्याच संध्याकाळी मला बेगमबाजारात पिटाळलं. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस, सगळं मीच खांद्यावरून वाहून आणलं. रागाने पाय आपटत आणलं, पण आणलं. आता घरभर तुपाचा वास आहे. बाळंतिणीचे चाळीस लाडू वळून झालेत आणि आई मोजून पुन्हा मोजते आहे. सुट्टीला निघालेली बाई काय भरते बघ. दोन साड्या, एक स्वेटर, बाकी सगळी तुमची बाळंतपणाची पिशवी.

माझ्या दोन अटी आहेत. परतीची तारीख एजंटने पाठवलेल्या तिकिटावर बघितली. बावीस एप्रिल म्हणजे बावीस एप्रिल. आणि या दोन महिन्यांत अर्धा दिवस तिला समुद्रावर ने. सौरभला सांभाळायला नव्हे, डबा घेऊन नव्हे. नुसती बसू दे.

अपर्णाला जपायला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, आणि तोही आपलेपणाचाच समज.

ताई

*

शारजा
२३ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,

नमस्कार लिहायलासुद्धा आज हात उचलत नाही.

आई परवा पोचली. सगळं विमान बाहेर आलं, सामानाच्या गाड्या आल्या, आपल्याकडच्या वाटाव्यात अशा चार-पाच म्हाताऱ्या आल्या, आई नाही. मी आणि सौरभ काचेला नाक लावून उभे. अडीच तास. आत काय झालं असेल याच्या कल्पना करून माझा शर्ट घामाने भिजला, त्या एसीत.

लाडवांत खसखस होती. त्यांनी एक लाडू फोडला, आतले दाणे कागदावर पसरले आणि आईला बाजूच्या खोलीत बसवलं. अधिकारी भला माणूस होता म्हणून निभावलं. आईने त्याला आपल्या हैदराबादी दखनीत सांगितलं की हे बाळंतिणीचं खाणं आहे, तुझ्या वेळी तुझ्या आईनेही काहीतरी खाल्लंच असेल ना बाबा. तिथल्या एका हमालाने ते त्याला अरबीत सांगितलं. तो हसला. हसला म्हणून आई घरी आली, कळतंय का तुला? हसला नसता तर? या पदार्थापायी इथे माणसं तुरुंगात आहेत. डबा गेला, लाडू गेले, एका अरबी कागदावर आईला सही करावी लागली. तिने उर्दूत केली. गौलीगुड्याच्या उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली ती कमाई.

मी लिहिलं होतं, ताई. घडीवर, शेवटी, आईला दोनदा सांग म्हणून लिहिलं होतं. तू मला एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात माझी लायकी काढलीस, आणि खसखस खांद्यावरून वाहून आणल्याचं वर अभिमानाने कळवलंस. ते पत्र मला आई निघायच्या दिवशी मिळालं. वाचल्यावर मी धावत आयएसडी करत सुटलो. घरी कुणीच फोन उचलेना. तुम्ही बेगमपेठच्या विमानतळाकडे निघाला होतात.

तुझ्या रागाने तू माझं काही बिघडवलं नाहीस. आईचं बिघडवत होतीस.

हेमंत

*

काचीगुडा
६ मार्च १९९७

चि. हेमंत यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खण उघडला. विजेच्या तीन बिलांखाली ते होतं. घडी उलगडली. ओळ होती.

कॉलेजात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. पोरांनी शेवटचं पान न वाचता पुस्तक परत केलं तर मी त्यांना चिडवते. आणि सख्ख्या भावाच्या पत्राची शेवटची घडी मी उघडली नाही, कारण मला रागवायची घाई झाली होती. त्या खोलीत आई अडीच तास एकटी बसली होती, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. हे तुला लिहिताना मला लाज वाटते, आणि लाज वाटली की माझा राग आणखी वाढतो, तो स्वभावच आहे.

तेव्हा हेही लिहिते. तू ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस. ज्या गोष्टीने माणूस तुरुंगात जातं ती स्वेटर आणि पायमोज्यांच्या मागे, घडीवर, जागा उरली तर, अशी लिहितात? तुझ्या पत्रात महत्त्वाचं सगळं शेवटीच येतं. सातवा महिनाही तसाच आला होता.

एक मागते. मी ती ओळ वाचली नाही हे आईला सांगू नकोस. तिच्यासमोर मला अजून यायचं आहे.

इथे सगळं ठीक. पोळ्या कोपऱ्यावरून विकत आणते, संध्याकाळपर्यंत त्यांचं चामडं होतं. कॉलेजात माझा डबा उघडला की वंदना नाक मुरडते. बावीस एप्रिल कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

लोभ कमी झाला असेल, तो वाढव एवढं सांगायचा हक्क आज मला नाही.

ताई

*

शारजा
३० मार्च १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चोवीस तारखेला मुलगी झाली. दोघी खुशाल. नाव प्राजक्ता ठेवतोय. आईने तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि तुझ्यासारखं कपाळ आहे म्हणाली. मी म्हटलं, स्वभाव नसला म्हणजे मिळवली.

तुझ्या मागण्याबद्दल. मी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की खसखशीचं लिहायला मीच विसरलो. तू मागायच्या आधी. तू माझ्याबद्दल काय समजतेस ते समज.

आता दुसरं. तू चिडणार हे माहीत आहे, म्हणून या वेळी पत्राच्या शेवटी नाही, मधे लिहितो. आईचा व्हिसा महिनाभर वाढवून घेतला. परतीचं तिकीट आता बावीस मेचं. अपर्णाला आठ मेला कामावर हजर व्हायचंय आणि नवी बाई मिळेपर्यंत बाळाला कुणाकडे ठेवायचं? आईला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. समुद्राचं म्हणशील तर जमलं नाही अजून. बारा मिनिटांवर आहे. शुक्रवार सोडून मला दिवस नसतो आणि शुक्रवारी अंगात काही राहत नाही. समुद्र कुठे पळून जात नाही, ताई.

ती बरी आहे. सौरभ तिच्याशिवाय जेवत नाही. तिने स्वयंपाकघर पूर्ण हातात घेतलंय, आम्हाला किती दिवसांनी ज्वारीची भाकरी मिळाली. तू इकडे येऊन बघितलंस तर तुझा राग निम्मा होईल.

प्रेम थोडं शिल्लक असेल तर असू दे.

हेमंत

*

काचीगुडा
९ एप्रिल १९९७

चि. हेमंत यास,

बाळाला आशीर्वाद. अपर्णाला आशीर्वाद. तुला आज काही नाही.

विचारलं असतं तरी हो म्हणाली असती! म्हणून विचारायचंच नाही? शेजाऱ्याची शिडी नेतानासुद्धा आपण हाक मारतो. सहासष्ट वर्षांची बाई, तिचे दिवस, तिचा महिना, आणि तारीख तू तिकिटावर बदलून आणलीस. ज्वारीची भाकरी मिळाली म्हणे. सुट्टीला आलेल्या पाहुणीने भाकरी थापली याचं तुला कौतुक वाटतं, शरम वाटत नाही.

बारा मिनिटं. तू मला वीस मिनिटांचा रस्ता लिहिला असतास तरी मी मान्य केलं असतं. बारा मिनिटांसाठी तुला पाच शुक्रवार पुरले नाहीत. मी मागायच्या आधीच तू जे केलंस, ते मी विसरणार नाही. पण एका चांगुलपणावर तुला महिनाभर आई मिळत नाही.

इथे आमच्या परीक्षा तोंडावर आल्यात, ग्रंथालयाची मोजदाद सुरू होईल. मी सकाळी आठला निघते, संध्याकाळी सातला येते, आणि येऊन कुकर लावायचं त्राण नसतं. डब्याला रोज ब्रेड. या दिवसांत आई घरी असेल असं धरून मी सगळं ठरवलं होतं. आता सगळं विस्कटलं.

तिचा पासपोर्ट तुझ्या कपाटात असेल. तो तिच्या हातात दे. माणसाचं परत जाणं त्याच्या स्वतःच्या हातात असलं म्हणजेच ते पाहुणं असतं.

शैला

*

शारजा
२० एप्रिल १९९७

चि. शैला हिस आईचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. पत्ता मीच लिहिलाय, चुकला तर आपला पोस्टमन ओळखतो.

तुझं नऊ तारखेचं पत्र हेमंतने टेबलावर टाकलं होतं, ते मी वाचलं. त्याच्या नावाचं होतं पण आत सगळी मीच होते, म्हणून वाचलं. तासभर लागला. तुझंही अक्षर काही मोठं नाही.

समुद्र समुद्र करून तू भावाचं डोकं खाऊ नको. मी बघून आले. गेल्याच्या गेल्या शुक्रवारी. जेवणं झाली, सगळे झोपले, बाळ आईच्या कुशीत. अपर्णाने फ्रिजवर कागद चिकटवलाय, आईंनी एकटं बाहेर जाऊ नये. मी तो वाचला, चप्पल घातली आणि गेले. हेमंत म्हणतो इथली पाटी वाचता येत नाही. त्याला येत नाही. अक्षरं आपल्या उर्दूचीच आहेत गं. अर्थ लागत नाही पण नाव लागतं. एका कोपऱ्यावर बाण काढला होता आणि वर लिहिलं होतं बहर. बहर म्हणजे समुद्र, हे मला चौथीच्या भूगोलात होतं. आमच्या मास्तरणीने छडी मारून पाठ करून घेतलं होतं ते आता पन्नास-पंचावन्न वर्षांनी कामाला आलं.

पण ऊन फार. आपलं ऊन डोक्यावर बसतं, इथलं गळ्याशी येतं. एका भिंतीच्या सावलीत टेकले तर टॅक्सीवाला थांबला. पन्नाशीचा असेल. माझी साडी बघून दखनीत विचारलं की अम्मा कहां के. तो आपल्या हैदराबादचाच, याकुतपुऱ्याचा निघाला. त्याने नेलं. मी बसले तो पण बाजूला बसला. गौलीगुड्याचा तो मोठा लोखंडी बसअड्डा अजून उभा आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं हौ, उभा आहे, आणि तिथले मच्छर पण आहेत. हसला आणि मग तोंड फिरवून बसला. सहा वर्षं घरी गेला नाही म्हणाला.

काठ दिसत नाही हे खरं. तुझे बापू बराबर बोलले होते. पण आवाजाचं त्यांनी सांगितलं नव्हतं. हुसेनसागर गप्प असतो. हा सारखा बोलत होता. आणि बोलत होता पण मला काही मागत नव्हता. असं मला कुणाजवळ बसून कधी झालं होतं ते आठवेना. मला रडू आलं नाही. राग आला. कुणावर ते कळेना, पण फार आला, शैला. कानशिलं तापली.

परत आले तर हेमंत खाली रस्त्यावर, पायात चप्पल नाही. घाबरला होता पोरगा. पण चार लोकांदेखत मला ओरडला की तू काय लहान आहेस का. मी म्हटलं, लहान नाही म्हणूनच गेले. पासपोर्ट मागितला तर म्हणतो तुला काय करायचाय, सांभाळून ठेवलाय. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. भाकरी मात्र केली. तेवढा राग मला अजून जमत नाही.

आता तुझं. तू माझ्या बाजूने भांडतेस, चांगलं आहे. पण तुझ्या पत्रात डबा आहे, कुकर आहे, परीक्षा आहे. मी घरी असेन असं धरून ठरवलं होतं असं लिहिलंस. मला विचारून ठरवलं होतं का? बावीस वर्षं मी सकाळी उठून तुझा डबा भरते. हेमंतने दोन महिने घेतले तर त्याला तू एवढं बोललीस. तुझी बावीस वर्षं कुणी बोललं नाही, मी पण नाही. माझी दोन घरं आहेत, आणि दोन्हीकडे मी ओट्यापाशीच. एकीकडे पोरगा म्हणतो थांब, एकीकडे पोरगी म्हणते ये. का थांब आणि कशाला ये, ते दोघांचं एकच आहे.

खसखशीचं हेमंतने कबूल केलं की लिहायला तोच विसरला. मी त्याला त्या दिवशी फार बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. आता वाईट वाटतं.

मी बावीस मेला येते. बाळ गुणाची आहे. तोवर भांडायचं तर आपापल्याशी भांडा, माझ्यावरून नक्को.

तुझी आई

*

काचीगुडा
२ मे १९९७

ती. आईस,
शैलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी अगदी शेवटच्या घडीपर्यंत वाचलं. तीनदा. ते का लिहिते आहे ते आधी सांगते.

खसखशीचं हेमंत विसरला नव्हता. त्याने लिहिलं होतं. मीच ती ओळ वाचली नाही. सातव्या महिन्यापाशी मला राग आला आणि मी पत्र खणात टाकलं, तू तिथेच होतीस. ते लपवायला मी त्याला सांगितलं, आणि मी सांगायच्या आधीच त्याने ते स्वतःवर घेतलं होतं. तुझं सगळं बोलणं त्याने माझ्या वाटचं ऐकलं. त्याला सांग की ताईने कबूल केलं. माझ्याच्याने त्याला थेट लिहवत नाही. फक्त दोन ओळी टाकल्या आहेत, की पासपोर्ट आईच्या हातात ठेव. त्याबाबतीत माझा राग तसाच आहे.

डब्याचं वाचून मी पहिल्यांदा तुझ्यावरच चिडले. मनातल्या मनात तुला उत्तरं दिली. मी लग्न केलं नाही, तुला सोबत केली, घर चालवलं, वगैरे. दोन दिवस हे चाललं. मग एका सकाळी ब्रेडला लोणी लावताना लक्षात आलं की बावीस वर्षांत तुझ्या पोळ्या कधी चांगल्या झाल्या आणि कधी बिघडल्या हे मला आठवतं, पण त्या लाटताना तू बसून होतीस की उभी होतीस, हे मी कधी बघितलंच नाही. हेमंतने तुला सुट्टी म्हणून फसवलं. मी तर तो शब्दही वापरला नाही.

त्या दिवसापासून पोळ्या करते आहे. गोल होत नाहीत. वंदना म्हणते आंध्र प्रदेशचा नकाशा होतो.

आता नीट ऐक. आमचं कॉलेज मध्य जूनपर्यंत बंद आहे. सव्वीस मेची सिकंदराबादहून विशाखापट्टणमची दोन तिकिटं काढली आहेत. तुला न विचारता काढली, हे खरं. म्हणून तू नाही म्हणालीस तर रद्द करीन, रागावणार नाही. पण हो म्हणालीस तर सात दिवस. समुद्रासमोरची खोली आहे. एसटीडी बूथवरून दोनदा फोन करून विचारून घेतलं की खोलीत ओटा नाही ना, गॅस नाही ना, शेजारच्या बाईने वापरायला दिलं तर काय. तो माणूस वैतागला, म्हणाला लोक गॅस आहे का म्हणून विचारतात.

तर काही सूचना. ऊन तिथेही असणार, गळ्याशी येणारंच. सुती साड्या तीन पुरे. स्वेटर नको. चष्मा आण, पाट्या तेलुगूत असतील, त्या मी वाचीन आणि तू मला चुका काढून दाखव. ज्वारीचं पीठ नको. मेतकूट नको. लोणच्याची एक बरणी मी मान्य करते. माझ्यासाठी काही भरायचं नाही. सकाळी मी उठवणार नाही, आणि तू मला उठवायचं नाही. दुपारी मला भूक लागली तर मी स्वतः बाहेर जाऊन काहीतरी आणीन, आणि ते वाईट असलं तरी तू वाईट म्हणायचं नाहीस, फार तर माझ्याकडे बघायचंस. तुला समुद्रापाशी एकटीने बसायचं असेल तर मी खोलीत थांबीन. काही मागणार नाही. चहासुद्धा नाही.

आणि एक. ही सूचना नाही, विनंती समज. तो पितळी वातीचा स्टोव्ह. तिरुपतीला तो बरोबर होता, नांदेडला लग्नाला गेलो तेव्हा होता, माझ्या एम.ए.च्या परीक्षेला औरंगाबादला गेलो तेव्हा धर्मशाळेच्या व्हरांड्यात तू त्यावर मुगाची खिचडी केलीस आणि मी अभ्यास करता करता जेवले. तू कुठेही निघालीस की तो आधी निघतो. काल मी तो खाली काढला, पुसला, माळ्यावर लपवायचं ठरवलं आणि पुन्हा जागेवर ठेवला. लपवला तर ते पुन्हा तुला न विचारता ठरवणं झालं.

तू म्हणशील, चहापुरता असू दे गं, वजन काय त्याचं. मग साड्यांच्या खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवशील आणि गाडी सुटल्यावर मला सांगशील. हे सगळं मला दिसतंय. तरी लिहून ठेवते. आई, या वेळी स्टोव्ह घेऊ नकोस.

तुझी,
शैला